पॅकेज किती, कर्ज किती?

कॉलेजांच्या जाहिरातींना भुलणारा बाप मी नव्हे! आमच्या मानसला इंजिनीअरिंगची कोणती ब्रँच घ्यायची, ते मी शिकून बाहेर पडलेल्या पोरांनाच विचारून ठरवणार होतो. कमाई किती आणि शिक्षणाचं कर्ज किती उरलं, बस्स! मानसला सिव्हिल हवं होतं. लहानपणापासून कुठे पूल बांधताना दिसला की तिथून हलायचं नाही असं पोर ते. पण आवडीने हप्ते फिटतात का?

फॉर्म रविवारी संध्याकाळी बंद होणार होता. शनिवारी मी इंदुरातल्या ओळखीच्या मराठी घरांत फोन लावायला बसलो. फोनवर फालतू बोलायची मला सवय नाही. थेट मुद्दा!

"बाबूराव, तुमचा अभिराम आयटीवाला ना? पॅकेज किती? कर्ज-बिर्ज?"

बाबूरावांच्या आवाजाने त्यांचा अख्खा मल्हारगंज मोहल्ला दणाणला. "वीस लाख! कर्ज? अहो, छदाम नाही! और सुनो भिया, पोरगा सुपारीसुद्धा खात नाही!"

सुपारीचा आयटीशी काय संबंध मला कळेना, पण लिहून घेतलं. मग सुमेधाताई. त्यांचा शंतनु इलेक्ट्रॉनिक्सवाला. "चोवीस लाख, पुष्करजी! आणि उंची पाच-दहा!" तेही लिहिलं.

सिव्हिलवाला एकच सापडला, विपुल. फोन त्यानेच उचलला. "काका, महिना तीस हजार. कर्ज साडेचार लाख बाकी आहे." बिचारा! मी तिथल्या तिथे सिव्हिलवर काट मारली. मानस रात्री जेवला नाही. मलाही वाईट वाटलं, पण हिशोब म्हणजे हिशोब!

रविवारी दुपारी दार उघडलं, तर बाबूराव! एका हातात शेवेचा पुडा, दुसऱ्या हातात अभिरामची पत्रिका. मागोमाग सुमेधाताई. त्यांच्याही हातात पत्रिका!

"पूर्वा कुठंय?" दोघांनी एकदम विचारलं.

पूर्वा म्हणजे आमची थोरली. बँकेत आहे, लग्नाची आहे. हे सगळ्या इंदूरला आठवत होतं, फक्त फोन करताना मला आठवलं नव्हतं!

"वीस लाख कसले?" सुमेधाताई बाबूरावांवर उसळल्या. "अभिरामचे हप्ते तर तुमच्या पेन्शनमधून जातात!"

"और आपका शंतनु? दिवाळीपासून घरीच बसलाय, ते सांगा की!"

"थांबा थांबा, जरा हळू!" मी पेन शोधत ओरडलो. "मानसच्या ॲडमिशनसाठी लिहून घेतोय!" अहो, खरी माहिती तर आत्ता मिळत होती!

"ॲडमिशनसाठी?" दोघं एकदम म्हणाले. पत्रिका पिशवीत गेल्या. बाबूरावांनी तर शेवही परत नेली!

मी आकडे नव्याने मांडले, तर सिव्हिलवाला विपुल सगळ्यांत वर! "सगळे फेकत होते," मी बायकोला म्हणालो, "हा एकटाच खरं कसं बोलला?"

"त्याला लग्नाचं सुचलंच नसेल," अमिता म्हणाली.

"सुचलं होतं," पूर्वा दारातून म्हणाली. "त्यालाही वाटलं, बाबा माझ्यासाठीच विचारताहेत. म्हणूनच काही लपवलं नाही त्याने."

"तुला कसं माहीत?"

"दोन वर्षं झाली, बाबा."

मी मुकाट्याने फॉर्म उघडून सिव्हिल पहिल्या नंबरावर टाकलं. मानस उड्या मारत जेवायला पळाला. मी मात्र जावयाच्या साडेचार लाखांपुढे अधिकचं चिन्ह काढून चिरंजीवांची फी लिहीत बसलो!