नातेवाईक सोडून आठ जण

पहिल्याच बैठकीत त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "आपला ग्राहक मला त्याच्या डॉक्टरपेक्षा जास्त कळलेला असेल." ऑफिसात त्याला चौकशीबुवा म्हणत. लिफ्टमध्ये सोबत चढलेल्या माणसालाही तो उतरेपर्यंत चार प्रश्न विचारून मोकळा व्हायचा.

वस्तू साधी होती: आठवड्याच्या गोळ्यांचा डबा. सात कप्पे, सात झाकणं. वेळ झाली की डबा पिपाणीसारखा वाजायला लागे आणि झाकण उघडेपर्यंत थांबत नसे. तो कोणासाठी, हे चौकशीबुवाने कागदावर काटेकोर लिहिलं: वय पासष्टच्या पुढे, घरात एकटी राहणारी व्यक्ती, दिवसाला तीन तरी गोळ्या, आठवड्यातून दोनदा तरी विसर. असे आठ जण शोधायचे, त्यांच्या हातात डबा द्यायचा आणि गप्प बसून बघायचं. खाली लाल शाईत लिहिलं होतं: 'नातेवाईक नकोत. मन राखायला खोटं बोलतात.'

आणि ते आठ जण शोधायचं काम त्याने आईवर सोपवलं. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. तिच्या इमारतीत तिला न ओळखणारं फक्त एक मांजर होतं, तेही नवीन आलेलं. कागद फ्रिजवर चिकटवून तो गेला.

चार दिवसांनी आठही जण आईच्या बाहेरच्या खोलीत हजर. निवृत्त मुख्याध्यापकांनी तीन मिनिटं झाकणाशी झटापट केली आणि घाम पुसत म्हणाले, "उत्तम. झाकण घट्टच असावं." चौकशीबुवाने लिहिलं: झाकण सुरक्षित वाटतं. डबा वाजताच वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कानातलं यंत्र काढून ठेवलं. "आवाज गोड आहे हं," त्या म्हणाल्या. त्याने लिहिलं: आवाज आवडला.

आठांपैकी आठ खूश. असा निकाल या कामात कधी लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण शंभरपैकी शंभर पडल्यावर पेपर पुन्हा तपासायला कोण देतं?

डबा बाजारात गेला आणि महिन्याभरात परत यायला लागला. झाकणं स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलेली. एक तर चादरीत गुंडाळून, वर दोरी बांधून आला. आत तो वाजतच होता.

मॅनेजरबाईंनी शांतपणे विचारलं, "ती आठ माणसं खरी होती ना?"

"खरी होती, मॅडम."

"मग परत जा त्यांच्याकडे. पंधरा दिवसांत नीट उत्तर आणा. नाहीतर डबा बंद, आणि तुमची टीमही."

मुख्याध्यापकांनी दार उघडलं आणि त्याचा चेहरा बघूनच सगळं कबूल केलं. "अरे, तुझ्या आईचा फोन आला होता. पोराने जीव ओतलाय, म्हणाली, त्याला नाउमेद करू नका. आणि खरं सांगू? मी एकही गोळी घेत नाही."

"पण तुम्ही विसरता म्हणून सांगितलं होतंत."

"ते सांगायचं होतं, एवढं लक्षात ठेवलं होतं मी."

तणतणत तो आईकडे गेला. स्वयंपाकघरात, फडताळावर, त्याचाच डबा. झाकणं काढलेली आणि कप्प्यांत शर्टाची बटणं, रंगांप्रमाणे लावलेली.

"आई, तुझ्या गोळ्या कुठे आहेत?"

"आहेत की पुडीत. कधी घेते, कधी राहतात. मध्ये दोनदा चक्कर आली, तेव्हापासून जरा लक्ष ठेवते."

"चक्कर? मला का नाही सांगितलंस?"

आईने फ्रिजकडे बोट दाखवलं. कागद अजून तिथेच होता. "नातेवाईक नकोत, असं लिहिलंयस ना. मी कशाला मध्ये पडू?"

त्याने चारही अटी पुन्हा वाचल्या. चारही आईलाच लागू होत्या. त्याचा राग जागच्या जागी ओसरला. पिशवीतून नवा डबा काढून त्याने तिच्यासमोर ठेवला, प्रश्नांच्या यादीची वही उघडली आणि पहिल्यांदाच खरोखर गप्प बसला.

आईने झाकणाला नख लावलं. अंगठा घसरला. पुन्हा लावलं. बोटांची पेरं सुजलेली होती.

"छान आहे हो," ती म्हणाली.

"आई, बोटं कधीपासून दुखतायत?"

तिने मान वर केली. "हे तुझ्या यादीत आहे, की तू विचारतोयस?"

त्याने यादी पाहिली. छत्तीस प्रश्न होते. त्यांत हा नव्हता.