जागेवाल्यांचा नाश्ता

"पाटीवर 'नाश्ता फुकट' असं लिही," कियत म्हणाला. "फुकट म्हटलं की गोरा माणूस पाठीवरचं ओझं तिथंच उतरवतो."

"आणि खायला काय घालू? माझं डोकं?" लामदुआन मावशींनी विचारलं.

"माझी पेजेची गाडी कशाला आहे समोर? गिऱ्हाईक आलं की बोट दाखव. वाडगाभर पेज मी देतो. तेवढ्यानं माझं दिवाळं निघत नाही."

कियत हा माणूस दुसऱ्याला सल्ले द्यायलाच जन्माला आला होता. पेज विकणं हा त्याचा जोडधंदा. पण या वेळी मावशींनी त्याचं ऐकलं, कारण पाणी गळ्याशी आलं होतं. बँकॉकच्या जुन्या भागातली आमची ही कालव्याकाठची गल्ली. एके काळी इथे मावशींच्या सुखनिवासात खोली मिळावी म्हणून गोरी पोरं जिन्यावर झोपायची. लाकडी खोल्या, घरघरणारे पंखे, न्हाणीघर सगळ्यांना मिळून एक, आणि तरी पोरं महिनोन्‌महिने हलायची नाहीत. मग गल्लीच्या तोंडाशी मेट्रोचा खड्डा पडला आणि काचेची हॉटेलं उगवली. तिथे कपाटातल्या खणात झोपावं तसं झोपायचं, पण गारवा मोफत आणि नाश्ताही मोफत. सुखनिवासात उरल्या मावशी आणि पाली.

त्यातून महिनाअखेरीला भाडेकरार संपत होता. जमिनीच्या मालकीणबाई पन्नाराय यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मावशी, खोल्या भरून दाखवा, नाहीतर किल्ल्या द्या." मावशींचं उभं आयुष्य त्या घरात गेलेलं. नवरा तिथेच गेला, केसही तिथेच पिकले. आता उतारवयात बोचकं घेऊन जायचं कुठे? म्हणून ती पाटी.

पन्नाराय बाईंचं नाव फक्त कागदावर. जागेचे खरे मालक म्हणजे जागेवाले, जागा राखणारे देव. त्यांचं चिमुकलं देऊळ फाटकाजवळ एका खांबावर उभं होतं. बँकॉकात कुठल्याही जागेवर असतं तसंच. मावशी रोज पहाटे त्यांच्यापुढे तबक मांडायच्या: कियतकडची वाफाळती पेज, तीत अंडं, आल्याचे काप, कांद्याची पात आणि खिम्याचे गोळे, शेजारी मैद्याच्या तळलेल्या जोडकांड्या, आणि लाल सरबताची बाटली, आत नळी घातलेली. उदबत्ती लावून मावशी कोपऱ्यावर भिक्षूंना अन्न वाढायला जायच्या. परत येईपर्यंत उदबत्ती विझलेली असायची. उदबत्ती विझली की जागेवाल्यांचं जेवण आटोपलं असं समजायचं, मग त्यांची परवानगी घेऊन तबक आत न्यायचं. तोच मावशींचा नाश्ता.

पाटी लावली त्याच संध्याकाळी हेन्ड्रिक नावाचा एक डच मुलगा उतरला. उंच इतका की दारातून येताना त्याला वाकूनच यावं लागे, त्यामुळे मावशींना तो फार नम्र वाटला. तसा तो होताही. त्याने पोटावर हात फिरवून सकाळच्या खाण्याचं विचारलं. मावशींनी खिडकीतून कियतच्या गाडीकडे बोट दाखवलं. बोटाच्या रेषेत गाडीच्या आधी जागेवाल्यांचं देऊळ येत होतं, हे काही मावशींच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी हेन्ड्रिक बाहेर येतो तो काय! फाटकाजवळ बरोब्बर त्याच्या कोपराच्या उंचीवर नाश्ता मांडून ठेवलेला. माश्या येऊ नयेत म्हणून शेजारी उदबत्तीसुद्धा. काय ही आगतस्वागताची रीत, असं म्हणत त्याने आधी हात जोडले, कारण इथली माणसं तिथे हात जोडतात हे त्याने येताना पाहिलं होतं. मग वाडगा चाटूनपुसून साफ केला आणि शहर बघायला निघून गेला.

मावशी परतल्या आणि त्यांच्या हातातली परडी खाली पडली.

"कियत! अरे ए कियत! जागेवाले जेवले!"

"मांजर असेल."

"मांजर? मेल्या, मांजर नळीनं सरबत पितं का?"

कियतने बाटली उलटी करून पाहिली. थेंब नव्हता. मग त्याने वाडगा पाहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "लामदुआन," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पेज माझ्या हातची होती हे मात्र सगळ्यांना सांग हं."

सांगायची गरजच नव्हती. पलीकडची शिंपीण वांडी कुंपणावरून सगळं ऐकत होती, आणि वांडीच्या कानात शिरलेली गोष्ट गल्लीत पसरायला शिलाई मशीनही लागत नसे. तिने वाडग्याच्या तळाशी चिकटलेले कांद्याच्या पातीचे तुकडे मोजले, त्या आकड्याचं लॉटरीचं तिकीट घेतलं, आणि देवाची करणी अशी की शेवटचे दोन आकडे लागले. झालं! दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांतून तबकं निघाली. चिकट भात आला, भाजलेलं डुकराचं मांस आलं, नारळाच्या दुधातले गोड घावन आले. देवळाखाली टेबल मांडावं लागलं.

हेन्ड्रिकचे डोळे पाणावले. एका माणसासाठी एवढं! ताटात काही टाकायचं नाही अशी त्याच्या आईची शिकवण होती. बिचाऱ्याने शर्थ केली, पण अर्ध्यावर त्याला घाम फुटला. मग त्याने फोनवर फोटो टाकून जगाला आवाहन केलं, 'लवकर या, मला एकट्याला संपत नाही.' चार दिवसांत सुखनिवासच्या सगळ्या खोल्या भरल्या. ही पोरंही हेन्ड्रिकसारखीच वळणाची. मावशी आणि गल्ली भिक्षूंना वाढायला कोपऱ्यावर गेली की रांगेत यायची, हात जोडायची, गुपचूप जेवायची आणि पसार व्हायची.

"भूक वाढलीय जागेवाल्यांची," मावशी भाबडेपणाने म्हणाल्या.

"हे एकट्याचं काम नाही," कियत म्हणाला. "त्यांच्याकडे पाहुणे आलेले दिसतायत."

खोल्या भरल्या, आता करार झालाच, म्हणून मावशी निश्चिंत झाल्या. पण पन्नाराय बाई आल्या, भरलेल्या खोल्या पाहिल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "छान! या मोडक्या घरात इतकी माणसं येतात, तर माझ्या नव्या हॉटेलात किती येतील!"

मावशी पुढे झाल्या. "बाईसाहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता हो. पण हॉटेलचा नकाशा तयार आहे. अडचण एकच. जागेवाले असे खरोखर जेवायला लागल्यापासून मजूर कुदळ मारायला तयार नाहीत. म्हणतात, आधी त्यांची परवानगी आणा. तर आपण त्यांनाच विचारू. उद्या एका बाजूला तुमची पेज ठेवा, दुसऱ्या बाजूला माझ्या हॉटेलात मिळणारा नाश्ता. ते काय खातात बघू. माझा खाल्ला तर हॉटेल, तुमचा खाल्ला तर करार. उदबत्ती विझेपर्यंत आवारात कोणी पाऊल टाकायचं नाही. आहे कबूल?"

अख्खी गल्ली कान टवकारून उभी. नाही कसं म्हणणार? "कबूल," मावशी म्हणाल्या. जागेवाले आपले आहेत, जन्मभर आपली पेज खाल्लेले आहेत, असा त्यांना भरवसा होता. तो भरवसा जेमतेम तासभर टिकला. झालं असं की या गडबडीत त्या दिवशीचं तबक मांडायला उशीर झाला, आणि कोपऱ्याकडे निघालेल्या मावशी फुलं विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. बघतात तर जागेवाले नारिंगी चड्डीत उभे, गालावर अंड्याचा बलक.

"गुड मॉर्निंग!" हेन्ड्रिक तोंडभर हसला.

मावशी सरळ कियतच्या गाडीशी जाऊन बाकावर बसल्या.

"कियत, अरे, तो डच रे."

"कोण डच?"

"जागेवाले! जागेवाले डच आहेत!"

कियतला समजायला जरा वेळ लागला आणि समजल्यावर त्याच्या हातातली पळी पेजेत बुडाली. त्याला हसू आवरेना. मावशींच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "हसतोस काय? उद्या बाई गोऱ्यांचा नाश्ता ठेवणार. हा मुलगा त्याच्या देशातला पाव दिसल्यावर तुझी पेज खाईल? गेलं माझं घर."

"रडू नकोस. उद्या पहाटे मागच्या दारानं सगळ्या पोरांना माझ्या गाडीवर आणून बसव. मी त्यांना गच्च खाऊ घालतो."

"आणि पेजेचं काय? ती तशीच राहिली तर?"

"ती तू खा."

"देवाला फसवू?"

"देवाला कुठे? पन्नारायला!"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फाटकाबाहेर जत्रा भरली. आत देवळापुढे दोन तबकं. एकात कियतची पेज, नेहमीच्या जोडकांड्या आणि लाल सरबत. दुसऱ्यात गुळगुळीत पांढरी बशी, तिच्यावर भाजलेला पाव आणि पावावर हिरवं, मऊ, चेपलेलं काहीतरी. उदबत्ती लागली, फाटक लागलं. मागच्या दाराने पोरं केव्हाच कियतकडे पोचली होती. मावशी न्हाणीघराशेजारच्या पाण्याच्या रांजणामागे बसल्या होत्या. 'बाबा, माफ करा, एकदाच खोटं वागते,' असं पुटपुटत त्या उठणार, तोच समोरचा कागदफुलांचा वेल हलला.

वेलातून पन्नाराय बाई बाहेर आल्या. उंच टाचांचे जोडे हातात, पावलं चोरट्या मांजरीची. इकडेतिकडे बघून त्यांनी आपला तो हिरवा पाव उचलला आणि मोठा घास घेतला. चावल्या. थांबल्या. पुन्हा चावल्या. चेहरा असा झाला की शत्रूलाही दया यावी. घास गिळता येईना, थुंकायचा तर देवापुढे थुंकायचा कसा? शेवटी डोळे मिटून त्यांनी तो लाल सरबताबरोबर पोटात ढकलला.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पेजेची वाफ थेट बाईंच्या नाकाशी गेली. आलं, मिरी, कांद्याची पात. बाईंनी पाव खाली ठेवला. पेजेकडे पाहिलं. तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं. "नुसती चव," असं स्वतःला बजावून त्यांनी एक चमचा घेतला. मग दुसरा. मग चमचा ठेवून वाडगाच तोंडाला लावला. शेवटी जोडकांडीने वाडग्याचा तळ पुसत असताना मावशी रांजणामागून उभ्या राहिल्या.

"बाईसाहेब!"

बाई दचकल्या. "तुम्ही? तुम्ही इथे काय करताय?"

"तुम्ही जे करायला आलात, त्याच्या उलटं."

बाईंनी हातातल्या रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. "मावशी," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "आई मला शाळेत जाताना हीच पेज द्यायची हो. कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती. घरी सगळे तो हिरवा पाव खातात. मीही खाते. सांगणार कोणाला?"

एव्हाना उदबत्ती विझली होती. वाडगा जागेवर ठेवून दोघी मागच्या दाराने निसटल्या आणि गर्दीत मिसळल्या. फाटक उघडलं आणि गल्ली आत घुसली. वाडगा लख्ख! पावाला एकच घास! "चव घेतली आणि ठेवून दिला!" वांडी किंचाळली. "आवडलाच नाही!" म्हाताऱ्यांनी हात जोडले. सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. आता 'तो घास माझा' म्हणावं तर अब्रू जाते, आणि न म्हणावं तर हॉटेल जातं. बाईंनी देवळाला हात जोडले.

"जागेवाल्यांची इच्छा," त्या म्हणाल्या. "करार तीन वर्षांचा."

"पाच," मावशी त्यांच्या हनुवटीवर चिकटलेल्या कांद्याच्या पातीकडे टक लावून म्हणाल्या.

"पाच," बाई घाईघाईने हनुवटी पुसत म्हणाल्या.

जल्लोष झाला. कियत कोणाकोणाच्या गळ्यात पडत होता. मावशींनाही हसू फुटलं, आणि त्या आनंदात वाडगा उचलून आत निघाल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच त्या थबकल्या.

"कियत," त्यांनी त्याला बाजूला ओढलं. "अरे, इतके दिवस ही पोरं खात होती. आज बाईंनी खाल्लं. उदबत्ती विझायचीसुद्धा कोणी वाट बघितली नाही."

"मग?"

"मग काय, मग काय! त्यांच्या नावावर सगळ्यांनी पोटं भरली, माझं घर वाचलं, आणि ते बिचारे तेवढे उपाशी राहिले! पाटी लावली तेव्हापासून त्यांच्या पोटात शीत नाही रे!"

कियतचं हसू मावळलं. तो गाडीकडे धावला आणि काठोकाठ भरलेला वाडगा घेऊन आला, अंडी दोन घातलेला. मावशींनी तबक मांडलं, नवी उदबत्ती लावली आणि हातात झाडू घेऊन तबकापुढे पाय रोवून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे हेन्ड्रिक आणि त्याची पोरं, वांडी, अख्खी गल्ली आणि जोडे अजून हातातच असलेल्या पन्नाराय बाई अशी रांग लागली. पेजेचा वास दरवळत होता. कोणीतरी चुळबुळलं, तशी मावशींनी झाडू उगारला. मग देवळाकडे वळून त्या हळुवार आवाजात म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघू नका, बाबा. सावकाश होऊ द्या."