गाडीचं सेवापुस्तक

आमच्या कॉलनीत चारचाकी गाड्या पुष्कळ आहेत, पण स्वतःचं सेवापुस्तक असलेली गाडी एकच, वाव्हळे साहेबांची. साहेब पस्तीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना विभागात होते. कोण कधी रुजू झाला, कोण किती दिवस गैरहजर राहिला, कुणाला समज दिली, हे सगळं त्यांच्या अक्षरात लिहिलं गेलं. निवृत्तीनंतर नोंद ठेवावी असं घरात कुणी उरलं नाही. वहिनींची ठेवून पाहिली असावी, पण तो प्रयोग फार दिवस टिकला नाही. मग गाडी आली आणि साहेबांनी बाजारातून कोरं सेवापुस्तक आणून तिची नोंद सुरू केली. पहिल्या पानावर गाडीचा फोटो, खाली कारखान्यातून निघाल्याचा महिना, आणि 'ओळखीची खूण' या रकान्यात 'मागील डाव्या दारावर पोचा'.

गाडी नीट चालली तर नोंद होत नाही. बंद पडली की लाल शाई निघते. झरीला एका लग्नाला जाताना गाडीनं भर रस्त्यात गिअर सोडला, त्या दिवशीची नोंद मी स्वतः वाचली आहे : 'मौजे झरी येथे पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर. कालावधी चाळीस मिनिटे.' पुढच्या महिन्यात व्याही गाडीत असताना तिनं धक्के दिले, त्यावर शेरा आहे, 'पाहुण्यांसमक्ष असभ्य वर्तन. तोंडी समज दिली.' समज खरंच दिली होती. साहेब बोनेट उघडून तिच्याशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलत होते, हे मी गच्चीवरून पाहिलं आहे.

मी हसलो. हसायचा मला काही अधिकार नव्हता, कारण ही गाडी माझ्याच सल्ल्यानं घेतलेली. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. तेवढ्यावर कॉलनीनं मला मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्या यंत्रांचा तज्ज्ञ ठरवून टाकलं आहे, आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही. मी स्वतः ऑटोमॅटिक गाडी घेतली तेव्हा सगळ्यांना बोलावून पेढे दिले आणि क्लच नसण्याचे फायदे यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. साहेब पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, ज्याला क्लच जमत न्हाई, त्याला ही जमंल का?" मी म्हणालो, लहान मूलसुद्धा चालवेल. दोन महिन्यांत तीच गाडी, तोच रंग, त्यांच्या दारात उभी राहिली.

चालवू लागल्या मात्र वहिनी. वहिनी अंगणवाडीत होत्या, साहेबांच्या आधी वर्षभर निवृत्त झालेल्या. त्या आठ दिवसांत शिकल्या. सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी त्या एकट्या गाडी घेऊन निघायच्या, तिथे त्यांची थोरली बहीण एकटी राहते. साहेब फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि गाडी वळेपर्यंत उभे राहायचे. मग एके दिवशी मानवतच्या चौकात, कापसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत, ती गाडी अडकली. गिअर पडेना, मागून हॉर्न सुरू झाले, माणसं गोळा झाली आणि सल्ले देऊ लागली. शेवटी ढकलून ती कडेला लावली. तेव्हापासून वहिनी पुन्हा एसटीनं जाऊ लागल्या. गुडघा दुखतो म्हणाल्या. गुडघा दुखणारी बाई एसटीच्या पायऱ्या चढायला का निघाली, हे कोडं मला, पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला, पडलंसुद्धा नाही.

गाडी टोचन करून नांदेडच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या इंजिनिअरनं तपासून अहवाल दिला. त्यात एक ओळ होती : 'चालकाच्या चुकीच्या सवयीमुळे गिअरबॉक्स तापून खराब.' खराब झालेला भाग कंपनी सद्भावना म्हणून फुकट बदलून द्यायला तयार होती. एक फॉर्म होता. चालकाचं नाव लिहायचं, 'माझी सवय मला समजावून सांगण्यात आली व मान्य आहे' याखाली सही करायची, आणि गाडी घेऊन जायची.

साहेबांनी सही केली नाही. गाडी होती तशी घरी आणली.

"वाक्य वगळा, मंग सही करतो," एवढंच त्यांचं म्हणणं. तिथून त्यांचा आणि कंपनीचा पत्रव्यवहार सुरू झाला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पहिलं पत्र गेलं. मग स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, आणि सहाव्या स्मरणपत्रानंतर 'अंतिम स्मरणपत्र एक'. ते ग्राहक सेवेला फोन लावून माझ्या पत्राचा आवक क्रमांक सांगा म्हणायचे. तिकडची मुलगी गोड हिंदीत एक लांबलचक क्रमांक द्यायची. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी दुसरा क्रमांक द्यायची. कंपनीची उत्तरं यायची ती सगळी एकाच वाक्यानं सुरू व्हायची, आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार. "मी संयम दाखवला असं यांना कोन सांगितलं?" साहेब मला विचारायचे.

आठ महिने हे चाललं. धक्के खात, थांबत, साहेब ती गाडी चालवत राहिले; झरीची आणि व्याह्यांसमोरची नोंद याच काळातली. पोराचे पुण्याहून फोन यायचे की बाबा, सही करा आणि मोकळे व्हा. कॉलनीचंही तेच मत पडलं. मीही त्यांना दोनदा समजावलं. कारकुनाला एकेका ओळीचा मोह असतो, असं मी बायकोला म्हणालो आणि ते बोलणं मला फार मार्मिक वाटलं.

आता माझ्या गाडीबद्दल सांगतो.

माझी गाडीही धक्के द्यायची. साहेबांच्या आधीपासून द्यायची. पण पेढे वाटून, व्याख्यान देऊन बसलेला माणूस हे कुणाला सांगणार? कॉलेजच्या फाटकात गिअर सुटला तेव्हा मी फोन कानाला लावून कुणाशी तरी गंभीर बोलत असल्याचं नाटक केलं. पंधरा मिनिटं केलं, शेवटी शिपाई पाणी घेऊन आला. रेल्वेच्या पुलावर थांबली तेव्हा खाली उतरून, कठड्याला टेकून, मी शहर न्याहाळत उभा राहिलो. परभणीत पुलावर उभं राहून न्याहाळावं असं फारसं काही नाही, त्यामुळे ओळखीचे दोघं थांबले आणि सर बरं आहे ना, म्हणून विचारू लागले. पुढे मी गाडी झाकून ठेवली आणि कॉलेजला चालत जाऊ लागलो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणालो. कुणी गाडीचं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं, "लोण्यासारखी चालते." नांदेडच्या इंजिनिअरनं मुद्दाम फोन करून विचारलं, तुमच्याच गावात दुसरी गाडी आहे ना, तिची काही तक्रार? त्यालाही मी लोणीच सांगितलं.

अन् मग कंपनीचं पत्र आलं, मला. माझ्या गाडीच्या तुकडीत गिअरबॉक्सच्या एका भागात बनावटीचाच दोष निघाला आहे, तो मोफत बदलण्यासाठी गाडी परत बोलावण्यात येत आहे, तसदीबद्दल क्षमस्व. साहेबांची गाडी दोन महिने नंतरच्या तुकडीतली, ती यादीत नव्हती. म्हणजे माझ्या गाडीत दोष कंपनीचा आणि त्यांच्या गाडीत दोष चालकाचा, असा निकाल लागत होता. माझ्या मनात आलं ते हे, की सकाळी लवकर निघावं, गुपचूप भाग बदलून आणावा, आणि गाडी खरोखरच लोण्यासारखी करून टाकावी.

फाटकाबाहेर पडलो तर वहिनी पिशवी घेऊन स्टँडकडे निघालेल्या. बाजाराचा दिवस होता. बसा म्हणावंच लागलं. रस्ता उण्यापुऱ्या दहा मिनिटांचा, तेवढा वेळ गाडी इज्जत राखेल असं वाटलं. राखली नाही. वसमत रोडला लागताच तिनं असा दणका दिला की वहिनींची पिशवी मांडीवरून खाली गेली.

"खड्डा होता," मी म्हणालो.

रस्ता नवा झालेला, पाटीसारखा सपाट. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "असंल. तुमची गाडी चांगली हाय, भाऊजी. आमचीबी चांगलीच व्हती. मी नासवली."

त्या आपल्याच नादात बोलत होत्या. साहेबांनी हौसेनं आणली, माझा पाय चुकला, इंजिनिअरनं लिहून दिलं, बायांना गाडी जमत नाही असं मानवतला माणसं म्हणत होती तेच खरं निघालं. "अन् आता ह्या वयात ते माझ्यापायी सगळ्यासंगं भांडायलेत," त्या म्हणाल्या. स्टँड आला. त्या उतरल्या, मला सांभाळून जा म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून एसटीच्या पायऱ्या चढल्या.

मी नांदेडला गेलो नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. सरळ साहेबांच्या घरी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. धक्के, फाटक, पूल, लोणी, कंपनीचं पत्र. साहेबांनी मला बसायला सांगितलं. मग सेवापुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. वर लिहिलं होतं, 'शेजारील वाहन, केवळ माहितीस्तव'. खाली माझ्या गाडीच्या अकरा नोंदी होत्या, तारखेसह. पुलावरची होती. फाटकातलीही होती, 'चालक दूरध्वनीवर बोलत असल्याचे भासवीत होता' अशा शेऱ्यासकट.

"मग मला विचारलं का नाही?" मी म्हणालो. खरं तर मला थोडा रागच आला होता.

साहेबांनी पुस्तक मिटलं. "सर, मागून घेतलेला जबाब तिला पटला नसता. ती म्हनली असती, तुमीच सरांना बोलायला लावलं." मग म्हणाले, "आठ महिने झाले, तिनं चावीला हात लावला न्हाई. गिअरबॉक्स मला कवाच भेटला असता. पन मी त्या वाक्याखाली सही केली असती, तर तिला वाटलं असतं की मलाबी तेच वाटतं."

मी कागद मागितला आणि जबाब लिहून दिला. प्राध्यापकाचा कबुलीजबाब साहेबांनी दोनदा दुरुस्त केला. मी 'लाजेस्तव माहिती दडवली' असं लिहिलं होतं, त्याचं त्यांनी 'प्रतिष्ठेच्या चुकीच्या कल्पनेमुळे' केलं. 'लोण्यासारखी' हा शब्द मात्र अवतरणचिन्हात कायम ठेवला.

दुपारच्या एसटीनं वहिनी परतल्या. मी जबाब वाचून दाखवणार होतो, पण दोन ओळींनंतर तो कागद बाजूला ठेवला आणि तोंडानंच सांगितलं. त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"म्हंजी सकाळी खड्डा नव्हता?"

"नव्हता, वहिनी."

"किती येळा झालं असं?"

"चार-पाच वेळा," मी म्हणालो.

"अकरा," साहेब म्हणाले.

वहिनी खाली बसल्या आणि मला प्रत्येक वेळेचं विचारू लागल्या. धक्का आधी येतो का, मग पडद्यावर दिवा लागतो का, पाय ब्रेकवर असतो तेव्हा की काढल्यावर. मी आठवून आठवून सांगत होतो आणि त्या मान हलवत होत्या, असंच, अगदी असंच. पुलावरच्या माझ्या निसर्गप्रेमाला त्या खळखळून हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. साहेब पंख्याकडे बघत होते.

मी म्हणालो, आता माझा जबाब आणि कंपनीचं पत्र जोडून पाठवू, वाक्य वगळावंच लागेल त्यांना, लागतील अजून चार-सहा महिने. वहिनींनी पदर बाजूला केला. "कशाचे चार-सहा महिने? अक्का तिथं वाट बघायली. त्या वाक्याचं काय घेऊन बसलाव? ते काय माझ्या कपाळावर लिवलंय व्हय? सही करा अन् गाडी नीट करून आना. मीच चालवनार हाय." एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या.

साहेब उठले, कपाटातून फाईल काढली. तो फॉर्म अजून कोराच होता. मला वाटलं, निदान निषेध नोंदवून सही करतील, दोन ओळींचा शेरा तरी मारतील. त्यांनी काहीच केलं नाही. चष्मा पुसला, आत कपबश्या वाजत होत्या तिकडे एकदा पाहिलं, आणि 'चालकाचे नाव' या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, स्वतःचं नाव लिहिलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत न केलेली खोटी नोंद त्यांनी माझ्यादेखत केली, खाली सही ठोकली, आणि शाई वाळायच्या आत कागद फाईलमध्ये घालून टाकला.