मिरेवाची आई कोण?

आमच्या शेजारचे दिनकरआण्णा चौगुले पुस्तकातल्या माणसालाही गाव विचारतात. कादंबरीत नवा नायक येतो, घोड्यावरून उतरतो, नायिकेकडे बघून घायाळ होतो आणि नेमक्या त्या जागी आण्णा पुस्तक मांडीवर पालथं ठेवतात. "ते झालं. पर ह्येचं गाव कंचं? मामा कोण?" लेखिका त्या युवराजाच्या आजोळचा पत्ता देत नाही तोवर आण्णांचा त्याच्या प्रेमावर काडीचा विश्वास बसत नाही.

एवढ्यावरून आण्णा म्हणजे कुणी नाजूक, चष्मा पुसत बसणारे वाचक असतील असं वाटलं असेल तर तसं काही नाही. आण्णांचा मंडपाचा धंदा आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या घराला लागून त्यांचं घर आणि घराला लागून गोडाऊन. तिथे कनाती, खुर्च्या, गाद्या, पंगतीची पातेली आणि नवरा-नवरीचे दोन सोनेरी सोफे. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला देह, भरघोस मिशी आणि आवाज असा, की ते घरात हळू बोलले तरी आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

हा माणूस त्या सोनेरी सोफ्यावर मांडी घालून 'निळ्या शिखरांचं राज्य' वाचतो. परदेशातल्या कुणा बाईंनी लिहिलेली ही मालिका मराठीत आली आहे आणि तिचे सात जाडजूड भाग झालेत. प्रत्येक भागात जोडपं वेगळं, पण राज्य एकच. पहिल्या भागात नायिकेला नुसतं पाणी आणून देणारी मैत्रीण तिसऱ्यात स्वतःच नायिका होते. दुसऱ्यातल्या दुष्टाचा धाकटा भाऊ पाचव्यात सुधारतो आणि लग्न करून मोकळा होतो. शिखरांवर पंख असलेली माणसं राहतात, सरोवरात पाण्याखालची माणसं राहतात, मधूनमधून चेटूक होतं आणि चुंबनं तर पानोपानी. तसलं पान आलं की आण्णा खाकरतात आणि पुस्तक जरा लांब धरून वाचतात, पण गाळत नाहीत.

नवा भाग यायची बातमी लागली की आण्णा आधीचे सगळे भाग पहिल्यापासून पुन्हा वाचतात. शेवटचा तेवढा चाळून घ्यावा, असलं काही त्यांना चालत नाही. पावसाळ्यात लग्नं नसतात, मंडप गुंडाळून ठेवलेले असतात, तेव्हा सवडही असते. मी एकदा म्हटलं, "आण्णा, एकदा वाचलेलं परत कशाला?" त्यावर त्यांनी मला समजावलं, "वैनी, लग्नाला जायचं आनि पावणं वळखायचं न्हाईत, ह्यो काय मान झाला व्हय? कोन कुनाचा मेव्हणा, कोन कुनावर रुसलाय, समदं ध्येनात पायजे. मगच मांडवात शिरायचं."

मांडवात शिरण्याची पात्रता तपासायला त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. मिरेवाची आई कोण? मिरेवा ही सरोवराची राणी, चौथ्या भागाची नायिका. त्यांच्या आग्रहाखातर मी पहिले चार भाग रेटून वाचले आणि मोठ्या ऐटीत उत्तर दिलं, "ओर्विना." कारण तिला लहानाची मोठी ओर्विनाच करते आणि ती तिला आईच म्हणते.

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. समाधानाने त्यांचा चेहरा उजळला होता. "समदी हितंच घसरत्यात. ओर्विना मावशी. आई पुरात गेली. दुसऱ्या भागात, नावाडी सांगतोय बगा. एकाच ओळीत हाय, तुमी जांभई दिली असनार." मी खरंच दिली होती. ते मला परत पहिल्या भागावर पाठवायच्या बेतात होते. भाजी करपल्याचं निमित्त सांगून मी सुटले.

हे वेड गोडाऊनमध्येच राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या एका लग्नात आण्णांनी स्टेजच्या मागे शिखरवासी युवराज आरझेनचे पंख लावले. थर्माकोलचे, निळे, वर चमकी. कल्पना अशी, की नवरानवरी पंखांच्या छायेत बसतील. झालं असं, की नवरदेवाचा सोफा बरोबर मधोमध आला आणि सगळ्या फोटोंत नवरदेवाच्याच पाठीतून पंख फुटलेले दिसले. यंत्रमागाच्या शेडमधून सुट्टी काढून आलेली त्याची दोस्तमंडळी जेवायचं सोडून त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढत बसली. नवरदेवाचा चुलता तावातावाने भांडायला आला. आण्णा जराही डगमगले नाहीत. "पावणं, पोरगं राजावानी दिसतंय. तुमाला काय गाढवावानी दिसाय पायजे हुतं?" असं विचारून त्यांनी चुलत्यालाच सोफ्यावर बसवलं आणि त्याचाही फोटो काढायला लावला. त्या हंगामात पंखवाल्या स्टेजला सगळ्यांत जास्त मागणी होती.

कबनूरकडचं कुठलंही काम आटोपून परत येताना मात्र आण्णा टेम्पो सरळ कोल्हापूरच्या रस्त्याला लावत नाहीत. इचलकरंजीतल्या एका गल्लीला वळसा घालून आणतात. गल्लीत थांबत नाहीत, उतरत नाहीत, नुसता वळसा. ड्रायव्हर डिझेलच्या नावाने कुरकुरतो. त्या गल्लीत त्यांची मुलगी राहते, मेघा.

ही पुस्तकं मुळात मेघाची. नवा भाग येणार म्हटलं की आधीचे सगळे पुन्हा वाचायची खोडही तिचीच, आणि त्यावरून आण्णांनी तिला रग्गड बोलून घेतलेलं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. मग मेघाने लग्न ठरवलं. मुलगा शाळेत मास्तर, निर्व्यसनी, शांत, बौद्ध घरातला. आण्णांनी त्याचं गावही विचारलं नाही आणि मामाही विचारला नाही. जात तेवढी ऐकली आणि सांगितलं की माझ्या मांडवाची एक काठी ह्या लग्नाला उभी राहणार नाही. साऱ्या जिल्ह्याच्या पोरींची लग्नं ज्याच्या मांडवात लागतात, त्याच्या लेकीने रजिस्टर कचेरीत सही केली आणि ती इचलकरंजीला गेली. पुस्तकं मागे राहिली. पोरगी कुठल्या पानावर बिघडली ते शोधून काढतो, म्हणून आण्णांनी पहिला भाग हातात घेतला. ते पान त्यांना अजून सापडायचं आहे.

मला त्यांचा राग यायचा. एकदा तो मी बोलूनही दाखवला. आण्णा त्या दिवशी चौथ्या भागातल्या लग्नाची बाजू माझ्यापाशी मांडत होते. मिरेवा पाण्यातली, नवरा शिखरावरचा, दोन्हीकडची माणसं तलवारी उपसून बसलेली, आणि आण्णा तिच्या बापावर संतापले होते. पोरगं कर्तबगार आहे, पोरीवर जीव लावतंय, तर बापाला पाणी आणि डोंगर घेऊन काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "आण्णा, हे सरोवराच्या राजाला सांगता, तसं कुणीतरी मंगळवार पेठेत पण सांगायला पाहिजे." त्यांनी पुस्तक मिटलं. माझ्या तोंडून फटकन निघालेलं मी परत घेतलं नाही, कारण ते खरंच होतं.

यंदा आठवा भाग तुळशीच्या लग्नाच्या सुमारास येणार अशी बातमी आली. आण्णांनी पुस्तकवाल्याला आगाऊ सांगून ठेवलं आणि आषाढातच पहिला भाग उघडला. पहिले तीन झपाट्याने झाले. चौथ्यात, मिरेवाची वरात निघाल्यावर, गाडी थांबली. गणपती आले, गेले. दसरा आला. आण्णा सोफ्यावर बसलेले, पुस्तक मांडीवर उघडं, पान तेच. असं पूर्वीही व्हायचं. ते मध्येच थांबायचे आणि मग एकाएकी सपाटा लावायचे. मी ते त्यांच्या लहरीवर ढकलत आले होते. या वेळी मात्र हंगाम तोंडावर आला होता आणि तीन भाग बाकी होते. मी टोकलं तर म्हणाले, "वाचतोय की. काय पळून चाललंय?"

खरं काय ते मला त्यांच्या बायकोने, सुमनताईंनी सांगितलं. मी वाटीभर विरजण मागायला गेले होते. त्या रोज दुपारी स्वयंपाकघरात मेघाला फोन लावतात. लपवून नाही. फोन स्पीकरवर टाकतात, ओट्यावर ठेवतात आणि पोळ्या लाटता लाटता मोठ्यांदा बोलतात. स्वयंपाकघराची खिडकी गोडाऊनमध्ये उघडते आणि खिडकीखालीच तो सोनेरी सोफा आहे. फोनवर रोज त्या एक प्रश्न नेमाने विचारतात, "कितव्या भागावर आलीस?" सुमनताईंनी यातलं एकही पुस्तक कधी उघडलेलं नाही.

"तिनं तिकडं समदे भाग नवे घेतल्यात. ती जिथवर वाचती, तिथवरच हे वाचत्यात," त्या म्हणाल्या. "फुडं जाईत न्हाईत. ती थांबली की हे थांबले. यंदा ती चौथ्यावर अडकलीया."

"का?"

"दिवस गेल्यात. त्रास लई हाय. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय, वाचाय बसली की डोकं धरतंय. सातवा लागलाय, वैनी. सातव्यात पोरीला माहेरी आणायची असती. पयलं बाळंतपण हाय. मी कुनाला सांगू?" लाटणं थांबलं नव्हतं, पण पोळी पार वाकडी झाली होती.

मला एकदम सगळे पावसाळे आठवले. सोफ्यावर नुसता बसून राहिलेला तो माणूस, ज्याला मी लहरी म्हणत होते. इतकी वर्षं ते लेकीशी एक शब्दही न बोलता तिच्याबरोबर वाचत होते. मला गहिवरून आलं आणि त्याच वेळी खिडकीतून हात घालून त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

तेवढ्यात सुमनताईंनी लावलेला फोन लागला. मेघाचा आवाज थकलेला होता. सुमनताईंनी जेवलीस का विचारलं, पाय सुजलेत का विचारलं, आणि मग नेहमीचं, "कितव्यावर आलीस?"

"न्हाई गं आई. सोडलं वाचायचं. यंदा न्हाई व्हायचं ते. आठवा भाग आला तरी मला कुठं वाचवतोय."

खिडकीखाली सोफा करकरला. आण्णा मागच्या दाराने आत आले. चप्पल काढायचंही भान नव्हतं. त्यांनी ओट्यावरचा फोन उचलला आणि तो तोंडासमोर धरून, भांडायला उभे असल्यासारखे, नुसते उभे राहिले. सुमनताईंच्या हातात लाटणं तसंच. मी वाटी धरून भिंतीला टेकले.

"मेघा," आण्णा म्हणाले. मग खाकरले. "मिरेवाची आई कोन गं? मी इसरलोय."

मला वाटलं फोन ठेवला तिने.

"आण्णा?"

"व्हय. सांग की. चौथ्यात अडलोय मी. आई कोन तिची?"

मग मेघा बोलायला लागली. आधी अडखळत, नाक ओढत. मग सावरली आणि सांगतच गेली. मिरेवा कशी वाढली, बापाने तिला कसं घराबाहेर काढलं, पाण्यावर दिवे सोडून ती कशी वाट बघत बसायची. आण्णा मध्येमध्ये "आसं व्हय," "बरं, मग?" म्हणत होते, जणू त्यांच्या कानावर हे पहिल्यांदाच पडत होतं. त्यांच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दुसऱ्या हातात चौथा भाग होता, मध्ये बोट घातलेला.

शेवटी ते म्हणाले, "फोनवर काय डोक्यात शिरंना माझ्या. हिकडं यिऊन सांग. उद्या टेम्पोत गाद्या टाकून आनतो, हळू चालवाय सांगतो. तू पडून ऱ्हा, मी वाचून दावतो. आठवा येस्तवर सातबी हुत्यात." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, जो तरीही आमच्या घरात ऐकू गेला असता, म्हणाले, "आनि पावण्यांस्नीबी घिऊन ये. त्यांचं गाव इचारायचं ऱ्हायलंय माझं."

त्याआधी त्या घरात जावयाचा उल्लेख 'त्यो मास्तर' यापलीकडे कधी झालेला मी ऐकला नव्हता. सुमनताईंनी तोंडाला पदर लावला.

आण्णा गोडाऊनमध्ये गेले आणि गाद्या उलटून बघू लागले, मऊ कुठली ते. मी विरजण घेऊन निघाले तशी त्यांनी मला हाक मारली.

"वैनी, ऐकलासा न्हवं? ओर्विना म्हनाली ती. चुकली."

"मग सांगायचं होतं ना तिथल्या तिथे. आम्हाला बरं सोडत नाही तुम्ही."

आण्णांनी एक गादी खांद्यावर घेतली. "असू दे," ते म्हणाले. "घरात आल्यावर सांगतो."