आठ दिवस आधीची ड्युटी

गुरुवारपर्यंत निकाहची तारीख कळवा, नाहीतर आम्हाला दुसरं घर बघावं लागेल, असं घाटंजीच्या मस्तानभाईंनी फोनवर सांगून टाकलं आणि गुलाम नबीच्या तोंडचं पाणी पळालं. मस्तानभाईंच्या मुलाचं, फैजचं, स्वतःचं गॅरेज होतं. मुलगा निर्व्यसनी, गुलाम नबीच्या उमेराला पसंत, सगळं जुळलेलं. अडलं होतं ते फक्त तारखेवर, कारण मुलीचा बाप बस ड्रायव्हर होता. त्याच्या आगारात उद्याची ड्युटी आज संध्याकाळी फळ्यावर लागायची आणि सकाळपर्यंत बदललेली असायची. मंगनीच्या दिवशी तर त्याला ऐनवेळी नागपूरला पिटाळलं होतं आणि पोरीची मंगनी बापाशिवाय उरकली होती. मस्तानभाई तेव्हा काही बोलले नाहीत, पण त्यांना ते लागलं होतं.

"आता निकाहलेबी तुमी नसान, तं मी कोनाकोनाले जवाब देऊ?" बायकोनं, खैरुनबीनं, विचारलं.

गंमत म्हणजे गुलाम नबीच कर्मचारी संघटनेचा सेक्रेटरी होता. ड्युटी आठ दिवस आधी लावा आणि एकदा लावली की तिला हात लावू नका, एवढ्या एका मागणीसाठी त्यानं वर्षभर काळ्या फिती बांधल्या होत्या आणि घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या होत्या. आगारप्रमुख मात्र वर कळवत, ओरडणारे दोनचारच आहेत. शेवटी यवतमाळहून मोठे साहेब यायला तयार झाले. बुधवारी दुपारी तीनला येतो, गेटवर माणसं किती ते डोळ्यांनी बघतो, पण त्यापायी एक जरी गाडी रद्द झाली तर मागणी विसरा, असं त्यांनी बजावलं.

मंगळवारी संध्याकाळी फळा बदलला. बुधवारी तीनला जे जे मोकळे होते, ते सगळे नेमके त्या वेळी गाड्यांवर गेले. हे कुणी मुद्दाम केलं की रोजच्यासारखंच झालं, ते आगारप्रमुखांनाही सांगता आलं नसतं. कंडक्टर विजयमालाबाई फळ्यासमोर कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. गेटवर आता आपण दोघं आणि चहावाला, एवढेच उरतो, असा त्यांचा हिशेब होता.

गुलाम नबीनं मग आगारातला जुना रिवाज कामी आणला. दोघं राजी असले की ड्युटीची अदलाबदल करता यायची. त्यानं त्या संध्याकाळी संघटनेबाहेरच्या एकेकाला गाठलं आणि आपल्या माणसांच्या गाड्या त्यांच्याकडे वळवल्या. पूनमसिंगला ढाणकीला सासुरवाडीला जायचं होतं, त्याच्या गळ्यात ढाणकीची गाडी घातली. रामधनचं घरी वाजलं होतं, तो दुपारी निघून खेड्यात रात्रभर थांबणारी मुक्कामी गाडी घ्यायला आनंदानं तयार झाला. कुणाच्या घरी कुणाचं काय चाललंय, हे गुलाम नबीला वर्षभराच्या फिरण्यानं पाठ झालं होतं. पण एक गाडी जरी चुकली असती, तरी मागणी गेली असती आणि मागोमाग फैजही गेला असता.

बुधवारी तीनला गेटवर उभं राहायला जागा नव्हती आणि आगारात एकही गाडी अडलेली नव्हती. मोठे साहेब थक्क झाले. एवढी सोय लावली कुणी, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी कौतुकानं गुलाम नबीला पुढे ढकललं.

"मागणी मंजूर," साहेब म्हणाले. "आठ दिवस आधी ड्युटी लागेल. आणि उद्यापासून ती हेच लावतील."

टाळ्यांच्या कडकडाटात गुलाम नबीच्या हातून स्टिअरिंग गेलं आणि टेबल आलं. त्याला त्याचं वाईट वाटायला वेळ नव्हता. त्यानं तिथूनच मस्तानभाईंना पुढच्या महिन्यातला एक रविवार कळवला, वेळ दुपारची. अख्ख्या आगाराला दावत दिली. त्याला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून पंगतीत वाढायला आगारातलीच माणसं ठरवली आणि त्या रविवारच्या आठ दिवस आधी त्यांना दुपारी मोकळं ठेवून चार्ट लावला. लोक त्या चार्टसमोर उभे राहून फोटो काढत होते. आठ दिवसांनंतरचं आपलं नाव कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

निकाहच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मस्तानभाईंचा फोन आला. काझीसाहेबांना आणखी एक निकाह लावायचा होता, ते संध्याकाळीच पोचणार होते. दावतही मग संध्याकाळीच.

गुलाम नबीनं चार्टवर बोट फिरवलं. वाढणारे सगळे संध्याकाळी गाड्यांवर होते. पाहुणे पंगतीत बसणार आणि भात आणायला कुणी नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर त्यानं एक नाव बदललं. ते बदललं म्हणून दुसरं बदलावं लागलं. संध्याकाळपर्यंत फळ्यावर जुनं काही उरलं नाही. विजयमालाबाईंना सकाळची ड्युटी होती, त्यांना रात्रीच्या मुक्कामी गाडीवर टाकताना त्याला मनापासून शरम वाटली. फळ्यासमोर या वेळी फोटो काढायला कुणी थांबलं नाही.

निकाह मात्र झकास झाला. या खेपेला बाप हजर होता आणि मस्तानभाईंनी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. उमेराला निरोप देताना गुलाम नबी लहान मुलासारखा रडला. एवढ्यासाठी वर्षभर भांडलो, ते वाया गेलं नाही, असं त्याला वाटलं.

विजयमालाबाई खाकी गणवेशातच आल्या. घाईघाईत जेवल्या, खैरुनबीच्या हातात आहेर ठेवला आणि निघताना गुलाम नबीपाशी थांबल्या.

"नबीभाऊ, उद्या तीनले गेटवर धरनं हाय. ऐनवेळी ड्युट्या बदलल्या म्हून, तुमच्या विरोधात."

"बरोबर हाय तुमचं," गुलाम नबी मान खाली घालून म्हणाला.

"बरोबर हाय म्हनून भागत नाई. तुमाले यावं लागते. सेक्रेटरी अजून तुमीच आहा, घोषना कोन देईन?"

त्या गेल्या. गुलाम नबी विचारात पडला. जायला तर हवंच होतं, मागणी त्याची स्वतःचीच होती. पण उद्या दुपारी त्याची टेबलावर ड्युटी होती, आणि धरण्याला जायचं तर ती आज रात्रीच बदलावी लागणार होती.