एका सहीसाठी एकोणीस कप

नजीबसाहेब शुक्रवारी दुपारच्या विमानाने लंडनला जाणार आणि दोन महिने परतणार नाहीत, ही बातमी गुरुप्रसाद केळशीकरला गुरुवारी संध्याकाळी कळली आणि पोळीचा घास त्याच्या हातातच राहिला. नजीबसाहेब म्हणजे कंपनीचे मालक आणि त्याचे स्पॉन्सर. त्यांच्या सहीशिवाय गावाकडे असलेल्या बायकोचा, स्मिताचा व्हिसा निघणार नव्हता. स्मिताच्या कडेवर अकरा महिन्यांची मुलगी होती आणि या बापाने तिला अजून पाहिलंही नव्हतं. मागच्याच पत्रात स्मिताने लिहिलं होतं, 'तुमच्या फोटोला ती आता काका म्हणते.'

"उद्या सकाळी सरळ त्यांच्या घरी जा," सदानंद म्हणाला. हूरा वस्तीतल्या एका खोलीत हे चौघेजण राहत. त्यांत सदानंद सर्वांत जुना, चार वर्षं बहारीनमध्ये मुरलेला. "फक्त त्यांचे रिवाज सांभाळ. कॉफीला नाही म्हणायचं नाही. कपात घोटभरही ठेवायची नाही. आणि कॉफी चालू आहे तोवर कामाचा चकार शब्द काढायचा नाही. बस्स, एवढं केलंस की सही झालीच म्हणून समज."

सदानंदने सांगितलेलं सगळं बरोबर होतं. फक्त अर्धंच होतं, कारण चार वर्षांत त्याला कोणा अरबाने घरी बोलावलंच नव्हतं.

शुक्रवारी नऊच्या ठोक्याला गुरुप्रसाद बुसैतीन भागात नजीबसाहेबांच्या घरी बैठकीत गालिच्यावर मांडी घालून बसला होता. खिशात अर्ज, कपाळावर घाम. नजीबसाहेबांचे वडील लांब चोचीचं पितळी भांडं घेऊन स्वतः आले. हातात बिनकानाचा इवलासा कप देऊन त्यांनी तळाशी जेमतेम कॉफी ओतली.

"बाबा कहवा खुद बनाते हैं," नजीबसाहेब म्हणाले. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून त्यांचं हिंदी तयार झालं होतं. "पियो, पियो."

कॉफी कडू, वेलदोड्याची, बिनसाखरेची. गुरुप्रसादने डोळे मिटून संपवली आणि रिकामा कप पुढे केला. म्हाताऱ्याने पुन्हा ओतली. तीही संपली. पुन्हा ओतली.

सातव्या कपाला गुरुप्रसादने युक्ती केली. आपल्याकडे भांडं पालथं घातलं की विषय संपला, म्हणून त्याने कप अलगद गालिच्यावर पालथा घातला. बिचाऱ्याच्या हातून पडला, असं समजून म्हाताऱ्याने तो उचलला, आपल्या रुमालाने पुसला आणि भरून पुन्हा त्याच्या हातात दिला.

दहाव्या कपाला नजीबसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बाराव्याला त्यांच्या बॅगा बाहेर गेल्या. पाहुणा पीत असताना यजमानाने उठायचं नाही, हा त्यांचा रिवाज. यजमान ओतत असताना पाहुण्याने बोलायचं नाही, हा सदानंदचा रिवाज. दोघेही एकमेकांकडे बघून कसनुसं हसत होते आणि विमान कोणासाठी थांबणार नव्हतं.

"घर में सब ठीक?" नजीबसाहेबांनी चौथ्यांदा विचारलं.

"सब ठीक, साहब." जिभेच्या अगदी टोकावर आलेला अर्ज कसाबसा गिळून गुरुप्रसादने वर पंधरावा कप गिळला.

एव्हाना त्याच्या कानशिलांत ठोके पडत होते. एकोणिसावा कप संपवून पुढे करताना हात असा थरथरायला लागला की कप पार नाचू लागला. आणि काय आश्चर्य! म्हाताऱ्याने हसून छातीवर हात ठेवला, मान लववली आणि भांडं खाली ठेवलं.

"यल्ला, चलो!" नजीबसाहेब ताडकन उठले. "बोलो, क्या काम है?"

गुरुप्रसादने अर्ज काढला. तोही थरथरत होता.

"फॅमिली व्हिसा? बीवी, बच्ची? लंडन से आके देखेंगे. इंशाल्ला." नजीबसाहेब चपला घालत दाराकडे निघालेसुद्धा.

एवढी सगळी कॉफी आणि शेवटी इंशाल्ला! तेवढ्यात मागून म्हाताऱ्याचा आवाज आला. बापलेकांत अरबीत बाचाबाची झाली. मग नजीबसाहेब वळले.

"बाबा पूछते हैं, बच्ची कितनी बड़ी है?"

"ग्यारह महीने की. मैंने... देखी नहीं, साहब." आवाजही आता थरथरला, पण तो काही कॉफीने नव्हे.

म्हाताऱ्याने लेकाकडे बोट रोखून एकच शब्द उच्चारला. नजीबसाहेबांनी बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर अर्ज ठेवला आणि सही ठोकली.

"अम्मा गुज़र गई, तब से बाबा का कहवा कोई बैठके नहीं पीता," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "तुमने पिया. मैं वापस आऊँ तब तक रोज़ सुबह ऑफिस से पहले इधर आना. समझे?"

बॅगा चढवणारा ड्रायव्हर पांडुरंग, मालवणकडचा. जाता जाता तो गुरुप्रसादच्या कानाशी लागला. "सायबानू, किती पिलास! तीन झाले की कप जरा हलवचो असता. हलवलो की म्हातारो थांबता. नायतर ओतीतच रवता."

"आधी नाही का सांगायचं, पांडुरंग?"

"बरा झाला म्हायत नव्हता ता. सहीक आधी चार जण इले. सगळे तीन कप पिऊन, हलवन मोकळे. सगळ्यांका इंशाल्ला!"

गाडी धुरळा उडवत गेली. गुरुप्रसाद सही दोन्ही हातांत धरून उन्हात उभा राहिला आणि खुशाल रडला.

शनिवारी सकाळी साडेसहाला तो पुन्हा त्याच गालिच्यावर बसला. आज बैठकीत दुसरं कोणी नव्हतं. म्हातारा अरबीत काहीबाही सांगत होता, मधेच हसत होता. गुरुप्रसादला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. एक कप झाला, दोन झाले, तिसरा संपला. आता मनगट जरासं हलवलं की सुटका.

म्हाताऱ्याने बोलणं थांबवलं. भांडं उचलून तो नुसता त्या कपाकडे बघत राहिला.

गुरुप्रसादने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि कप पुढे केला.