गरगरायला लावणारं गाणं

बायको बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाला गेली आणि नेमका त्याच दिवशी ग्रुपवर विषय आला : ‘डोकं गरगरायला लावणारं गाणं’. धडामनं विषय दोनदा वाचला.

धडाम हे त्याला कॉलेजातल्या बँडनं ठेवलेलं नाव. तो ड्रम वाजवायचा. पुढे खोक्यांच्या कारखान्यात मशीनवर लागला, आणि ड्रमनं अर्धे केलेले कान मशीननं पुरे केले. कानात यंत्र घातलं की समोरच्याचं बोलणं कळायचं. पण गाणं लावलं की कोणी पत्र्यावर खडी ओततंय असं वाटायचं. हे घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. बँडमधले चौघे कधीच पांगले होते. उरला होता तो फोनवरचा ग्रुप. गायक रोज सकाळी एक विषय टाकायचा, आणि प्रत्येकानं त्या विषयाचं आपलं आवडतं रॉक गाणं पाठवायचं. आपण बहिरे झालोय हे कळलं तर बाकीचे तिघं काय करतील ते धडामला ठाऊक होतं. आधी हळहळतील, मग गाण्यांऐवजी तब्येतीची चौकशी करतील, आणि शेवटी गुलाबाची फुलं घातलेलं ‘सुप्रभात’ पाठवायला लागतील.

म्हणून गाणं तो आठवणीतून निवडायचा आणि बायको ऐकून खात्री करायची. तिला रॉक म्हणजे डोकेदुखी.

“तेच आहे का?”

“एक जण किंचाळतोय, दुसरा त्याला आवरतोय.”

“सुरुवातीला घंटा वाजते?”

“वाजते हो. तेच आहे. पाठवा आणि बंद करा.”

आता घंटा कोण ऐकणार? धडामनं स्पीकर समोरच्या खुर्चीवर ठेवला, चष्मा काढला, डोळे मिटले आणि तळहात स्पीकरवर टेकवला. कारखान्यात तो मशीन असंच तपासायचा. हात ठेवला की पट्टा सैल झालाय की आणखी काही बिघडलंय, ते कळायचं. मनात धरलेलं गाणं हाताला अगदीच मिळमिळीत लागलं. ते संपलं आणि पुढचं आपोआप सुरू झालं. आधी दबकत, मग वेग धरत, मग मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या. याला म्हणतात ड्रम! धडामनं डोळे किलकिले केले आणि जे वाजत होतं ते ग्रुपवर धाडून दिलं.

“काय ड्रमिंग आहे!” गायकानं लिहिलं. गिटारवाला आता दातांचा डॉक्टर होता. त्यानं लिहिलं, “धडाम, अजून तसाच आहेस लेका.” बास गिटारवाल्याला सगळे मौनी म्हणत. तो आपलं गाणं टाकून नेहमीसारखा गप्प राहिला.

बायको परतली, चहा प्यायली, आणि आपल्यामागे काय काय झालं म्हणून धडामचा फोन चाळायला लागली.

“अहो, हे काय पाठवलंत?” ती हसत हसत बॅगेवरच बसली.

“का? गाणं आहे.”

“हे वॉशिंग मशीन आहे! आपलं मशीन बाथरूमभर फिरत होतं, म्हणून जायच्या आधी तुमच्या फोनवर मी हा व्हिडिओ बघत होते. हा बाबा मशीन उघडून दाखवतो आणि शेवटी कपडे पिळतो.”

धडामनं चष्मा लावला. नाव कुठल्याशा परक्या लिपीत होतं, आणि चित्रात नुसतं एक काळं गोल भोक. रॉकच्या रेकॉर्डवर शोभून दिसावं असं.

“यात गाणं कुठेच नाही?”

“मध्ये एकदा तो शिट्टी वाजवतो.”

धडाम हसला नाही, तेव्हा तीही हसायची थांबली. तिघांनी ते ऐकलं होतं, आणि चेष्टा करायची सोडून दोघांनी वाहवा केली होती. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. ही दया होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गायकाच्या ड्रायव्हिंग स्कूलवर गेला. गायक गाडीची काच पुसत होता.

“धडाम! अरे, फोन तरी करायचास.”

“ते गरगरणारं गाणं...”

“एक नंबर!”

“कुठला भाग आवडला?”

“तो... मधला. तिथून जे चढत जातं ना!”

“आणि शेवट?”

“शेवटाचं तर विचारूच नकोस.”

धडामनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठ वाचता वाचता त्याला माणसंही थोडी वाचता यायला लागली होती.

“तू ऐकलंस का ते?”

गायकानं फडकं पिळलं. “अरे, वेळ कुठे मिळतो? दिवसभर लोक माझा जीव टांगणीला लावून गाडी शिकतात. मी आपलं न ऐकताच काहीतरी छान लिहून टाकतो. डॉक्टर तरी कुठे ऐकतो? म्हणतो, दिवसभर ड्रिल ऐकल्यावर रॉक कोण ऐकणार! पण ग्रुप जिवंत राहतो ना रे.”

गुपित शाबूत होतं. धडामला हायसं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. रोज जेवणानंतर तो बाकीच्यांची गाणी एकेक करून स्पीकरवर लावायचा, तळहात ठेवून, शेवटपर्यंत. अख्ख्या ग्रुपात गाणी ऐकणारा तो एकटाच निघाला होता.

त्या दिवसाचा विषय होता ‘रडवणारं गाणं’. धडामनं चष्मा लावला आणि उघड्या डोळ्यांनी तेच वॉशिंग मशीन पुन्हा पाठवलं.

“अहो!”

“असू दे.”

मशीनमध्ये धड पाणीही भरलं नसेल, एवढ्यात गायक म्हणाला, “काळजाला हात घातलास.” डॉक्टरचे डोळे भरून आले होते, तसं त्यानं लिहिलंच होतं.

जेवणं झाल्यावर फोन पुन्हा थरथरला. मौनी होता. ग्रुपवर नाही, एकट्या धडामला.

“दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकलं. परवा वाटलं, गंमत करतोयस. आज वाटलं नाही. त्या मशीनचं बेअरिंग गेलंय, ती खडखड ऐकू आली असती तर तू हे पाठवलंच नसतंस. कधीपासून ऐकू येत नाहीये?”

“काय म्हणतोय?” बायकोनं विचारलं. धडामनं फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, फोन परत त्याच्या हातात ठेवला आणि आत गेली.

धडामनं एका बोटानं लिहिलं, “बरीच वर्षं झाली. रविवारी ये. बास घेऊन ये, त्याची थरथर हाताला कळते.”

मौनीचं उत्तर आलं.

“बास विकला रे. नुसताच येतो.”

धडामनं समोरच्या खुर्चीवरचा स्पीकर उचलला, खाली जमिनीवर ठेवला आणि खुर्ची फडक्यानं पुसून घेतली. रविवार अजून लांब होता.